जानरावभाऊंनी न पाहिलेली जागा

जानरावभाऊ माणसाची ओळख करून देत ती चतुःसीमेसकट. खरेदीखतात जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. ती सवय त्यांच्या जिभेला इतकी जडली होती की कुठलाही माणूस त्यांना नुसता असा दिसतच नसे. मी मंगरूळपीरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दर्ग्याच्या रस्त्यावर भर बाजारात त्यांनी माझी ओळख करून दिली, "हे नवे मास्तर. पूर्वेले शाळा, पश्चिमेले खानावळ, दक्षिणेले मायबाप वाशीमले, अन् उत्तरेकडून खुली जागा. लगन व्हायचं हाये." ऐकणाऱ्या चार-पाच जणांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, मान डोलावली, आणि आठ दिवसांत मला तीन स्थळं सांगून आली.

हे आठवलं की अजून हसू येतं. पण या माणसाशी मी एकदा खोटं बोललो, आणि ते सांगितल्याशिवाय त्यांची गोष्ट पुरी होत नाही. ते सांगावं लागू नये म्हणून इतकी वर्षं लिहायचं टाळत आलो. आता ते नाहीत, आणि मलाही टाळायला फारसे दिवस उरलेले नाहीत.

धंद्याने ते जमीनजागेचे दलाल. तालुक्यातलं कुठलंही वावर, घर, खळं किंवा परसातली चार हात जागा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जायची असली की मध्ये जानरावभाऊ असत. हबीबमियांच्या अत्तराच्या दुकानाची पायरी ही त्यांची कचेरी. उंच, वाळका देह, डोक्याला पांढरा पटका, खांद्यावर दुपट्टा आणि बगलेत एक काळी छत्री. ही छत्री उघडलेली कोणी पाहिली नव्हती. तिच्या दांड्यावर त्यांनी चाकूने मापाच्या खुणा पाडल्या होत्या, आणि पाऊस आला की खुणा पुसू नयेत म्हणून ते छत्रीवर दुपट्टा गुंडाळून स्वतः भिजत घरी जात.

लांबचं अंतर ते पावलांनी मोजत. चालताना त्यांचे ओठ हलत असत. अशा वेळी कोणी हाक मारली तर हात वर करून त्याला थांबवत, आकडा पुरा करत आणि मग बोलत. एकदा मी नवखेपणाने मध्येच नमस्कार केला. त्यांचा आकडा चुकला. ते मागे फिरले, पोस्टापर्यंत गेले आणि पहिल्या पावलापासून मोजत परत आले. मग माझ्या नमस्काराला उत्तर दिलं.

माणसांची प्रतवारी तर त्यांनी केव्हाच करून टाकली होती. हबीबमिया बागायत, कारण त्यांच्याकडे बारा महिने गोड बोलणं पिकतं. मी जिरायत, कारण माझं सगळं वरून पडेल त्यावर अवलंबून. आमचे हेडमास्तर मात्र पोटखराब. शेतातल्या ज्या तुकड्यात काही उगवत नाही, पण कागदावर जो मोजावा लागतो, त्याला पोटखराब म्हणतात. ही पदवी हेडमास्तरांच्या कानावर गेली. ते जाब विचारायला दुकानाशी आले, तेव्हा जानरावभाऊ उठून उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "साहेब, पोटखराबाले सरकार सारा लावत नाई. मान हाये तो."

मला खोली त्यांनीच मिळवून दिली. खोली ऐसपैस होती, भाडं माफक होतं. पहिल्याच दिवशी पहाटे पलंगासकट मी हादरायला लागलो. भिंतीपलीकडे तेल्याचा घाणा होता आणि त्याचा बैल माझ्यापेक्षा लवकर कामाला लागत होता. मी तणतणत दुकानावर गेलो.

"जानरावभाऊ, भिंतीला घाणा आहे हे काल सांगायचं होतंत."

"तुमी इचारलं काय?"

"विचारायला मला माहीत तर हवं."

"मास्तर, माह्या धंद्याचा एकच कायदा. गिऱ्हाइकानं इचारल्याबिगर दोष सांगू नाई. अन् इचारला तं लपवू नाई. तुमी इचारलं असतं का बाप्पा भिंतीपल्याड काय हाये, तं मी घाना, बैल, तेली, तेल्याची सासू, सारं सांगतलं असतं."

आणि हे खरं होतं. विचारलं असता त्यांनी लपवल्याचं एकही उदाहरण तालुक्यात नव्हतं. अगदी नोंदणीच्या वेळी, टाक दौतीत बुडत असताना गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "भाऊ, काही खोट नाही ना?" तर ते सांगत, "हाये. इहीर उन्हाळ्यात आटते." सौदा मोडे. विकणारा शिव्या देई. जानरावभाऊ छत्री बगलेत मारून पुन्हा पायरीवर येऊन बसत.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे 'मौक्यावर पाहू'. मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. कोणी काहीही सांगो, वर्तमानपत्रात काहीही छापून येवो, जानरावभाऊ मान हलवून म्हणत, "मौक्यावर पाहू." मला सांगून आलेल्या स्थळांपैकी एक रिठदचं होतं. मुलगी पाहायला मी जायच्या आधी ते स्वतः जाऊन आले. मी उत्सुकतेने विचारलं, कशी आहे? म्हणाले, "घर पूर्वमुखी हाये, जोतं उंच हाये, पन मागच्या अंगानं पानी ओसरीत उतरते." मुलीबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही आणि मला थेट विचारायला लाज वाटली. लग्न मी तिच्याशीच केलं. पाणी ओसरीत उतरतं हे खरं आहे.

जानरावभाऊंची बायको त्यांचा मुलगा भास्कर चार वर्षांचा असताना गेली. लोकांनी दुसरं लग्न सुचवलं, तेव्हा त्यांनी ते मौक्यावर जाऊन पाहिलंच नाही. स्वतः भाकऱ्या थापायला शिकले. पोराला अंगाखांद्यावर घेऊन वावरं दाखवत हिंडले. इंग्रजी चौथीनंतर भास्कर वाशीमच्या हायस्कुलात गेला आणि माझ्या आईवडिलांकडे राहिला. भास्कर घरी यायचा शनिवार आला की जानरावभाऊ दुपारपासून पायरीवर बसत नसत, वाशीमच्या रस्त्याला नाक्यापर्यंत पावलं मोजत राहत. तो आकडा त्यांना पाठ असणार. तरी दर शनिवारी पुन्हा मोजत.

भास्कर मॅट्रिक झाला, तेव्हा दुसरी लढाई सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. त्याला कॉलेजात घालायचं ठरलं आणि जानरावभाऊ माझ्याकडे आले.

"मास्तर, जमीनजागेची डिग्री कुठी भेटते?"

मी म्हणालो, अशी डिग्री नसते. कायद्याची असते, शेतकीची असते, इंजिनेरीची असते.

"जागा घ्यावी कशी, इकावी कशी, तिचं मोल काढावं कसं, हे शिकवत नाई कोनी?"

"नाही."

"मंग मी तीस वर्सं काय करून राह्यलो?"

हबीबमियांनी अत्तराचा बोळा त्यांच्या हातावर टेकवला आणि म्हणाले, "अरे जानराव, पोराले वकील कर. नाम होईन."

"वकील झाला तं अकोल्याले राहीन. डाक्तर झाला तं नागपूरले राहीन. जमिनीचं शिकला तं कुठी जाईन? जमीन तं इथीच हाये ना."

आम्ही हसलो. मग त्यांनी दुसरं कारण सांगितलं, तेव्हा हसू आलं नाही. "दलाल म्हटलं का लोक ओसरीवर बसवतात मास्तर. सौदा आत होते, मी बाहेर. भास्करपाशी कागद असला तं त्याले आत बसवतीन."

मग आम्ही कॉलेजं पाहायला निघालो. जानरावभाऊ, मी आणि छत्री. कारंज्यापर्यंत बैलांची दमणी, तिथून मूर्तिजापूरपर्यंत लहान रेल्वे, आणि पुढे मोठ्या गाडीने अमरावती. भास्करला बरोबर घेतलं नाही. जागा पाहताना ज्याच्यासाठी घ्यायची त्याला नेऊ नये, तो उगाच प्रेमात पडतो, असं त्यांचं म्हणणं.

अमरावतीच्या कॉलेजात त्यांनी प्रिन्सिपलला भेटण्याआधी कुंपण मोजलं. विहिरीत वाकून पाहिलं, खडा टाकला, कान दिला. दक्षिणेला शेजारी कोण म्हणून माळ्याला विचारलं. दोन तासांनी आम्ही प्रिन्सिपलसाहेबांपुढे उभे राहिलो. साहेब इंग्रज होता, वयस्क, सौम्य. मी दुभाषा. अभ्यासक्रमाचं बोलणं झालं. साहेब निरोपाचा हात पुढे करतो तोच जानरावभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, साहेबाच्या हातावर टाकला आणि खालून आपल्या हाताने त्याची बोटं धरली.

आमच्याकडे बाजारात बैलाचा सौदा असा होतो. भाव तोंडाने बोलत नाहीत, कपड्याखाली बोटं दाबून ठरवतात. साहेबाला वाटलं, हा इथला काही आशीर्वादाचा विधी असावा. त्याने डोळे मिटले, मान लववली आणि भक्तिभावाने बोटं परत दाबली. जानरावभाऊ प्रसन्न झाले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अहो, फी अशी ठरत नाही."

"फी कोन ठरवली? पोट्टा वर्सातून किती येळा घरी सोडता, ते इचारलं. मी चार बोटं दाबली. दसरा, दिवाळी, सकरात अन् अखाजी. साहेब कबूल झाला."

पण कारकुनाने छापील नियम दाखवले. सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि उन्हाळ्याची. जानरावभाऊंनी नियम माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. "बोट दाबून माणूस फिरला," ते म्हणाले, आणि अमरावती संपली. परतीच्या गाडीत त्यांना साहेबाचा राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. इतका भला माणूस शब्दाला कच्चा निघाला, याचं.

पुढच्या महिन्यात नागपूर. वकिलीच्या कॉलेजात त्यांनी वर्ग चालू असताना दाराशी उभं राहून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "इथी भांडन लागल्यावरचं शिकवतात. मी भांडन लागू नाई म्हून बसलो हावो." शेतकीच्या कॉलेजात त्यांना माती आवडली, बैल आवडले. पण, "जमिनीत काय पेरावं ते सांगतात. जमीन कोनाची, ते कोनी काढतच नाई." वसतिगृह पाहायला गेलो तर ते एका रिकाम्या खाटेवर आडवे झाले. पोराला झोप लागेल की नाही ते मौक्यावर पाहायचं होतं. त्यांनाच लागली. खाटेचा मालक आला तेव्हा मी त्याला व्हरांड्यात थोपवून धरून, चळवळीबद्दल त्याचं काय मत आहे ते अर्धा तास विचारत होतो.

अशा पाहण्या चालल्या होत्या, तोवर भास्करनेच एक माहितीपत्रक मागवलं. मुंबईच्या एका संस्थेचं. जमिनीची मोजणी, इमारतींचं मोल ठरवणं, भाडेपट्टे, खरेदीखतं. दोन वर्षांचा अभ्यास आणि शेवटी पदविका. मी वाचून दाखवलं तसे जानरावभाऊ पायरीवरून उठून उभे राहिले. म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं. त्यांनी पत्रक हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, आणि भास्करकडे देऊन बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"म्हंजे हाये," ते हबीबमियांना म्हणाले. "मी जे करून राह्यलो त्याचं बी कॉलेज हाये."

आता मुंबईची पाहणी. मी कपडे धुऊन ठेवले. निघायच्या आदल्या दिवशी निरोप आला की जानरावभाऊंचा पाय मुरगळला. जाऊन पाहतो तर पायाला हळद-मिठाचा जाड लेप, वर फडकं, आणि ते भिंतीला टेकून बसलेले. हबीबमियांनी तेलाची बाटली आणून दिली होती.

"तुमी भास्करले घेऊन जा मास्तर," ते म्हणाले. "तुमचे डोये ते माहे डोये. सारं नीट पाहून या."

हबीबमियांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत या माणसाने न पाहता खुराड्याएवढी जागा कोणाला घेऊ दिली नव्हती. पण मला त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी खूश झालो. मुंबई मी पाहिली नव्हती.

संस्था चांगली होती. प्राध्यापक आस्थेने बोलले, भास्करला दोन प्रश्न विचारले, आणि वावरात वाढलेल्या त्या पोराने अशी उत्तरं दिली की ते खुर्चीत पुढे सरकून बसले. नाव दाखल झालं. संध्याकाळी आम्ही समुद्राशी बसलो होतो. भास्कर वाळूत बोटाने रेघा ओढत होता. मग म्हणाला, "मास्तर, एक सांगू? मी वापस येनार नाई."

"सुट्टीला?"

"सुट्टीले येईन. मंगरुळात राहायले येनार नाई. इथी नवे नवे मोहल्ले वसून राह्यले. काम इथीच हाये. बाबाले वाटते, मी हबीबचाचाच्या पायरीवर येऊन बसीन. मले तिथी नाई बसायचं."

"त्यांना सांगितलंस?"

"कसं सांगू? त्याईनं मले एकट्यानं वाढवलं. तुमी बी नका सांगू."

मी सांगणार नाही म्हणालो. का म्हणालो ते कबूल करतो. मॅट्रिकनंतर मला पुण्याला जायचं होतं. वडील म्हणाले, आम्हाला इथे कोण आहे? मी राहिलो. राहिल्याचं मी कधी बोलून दाखवलं नाही, पण पुण्याची गाडी सुटायची वेळ मला कितीतरी वर्षं पाठ होती. भास्कर बोलत होता तेव्हा मी त्याच्या जागी मलाच पाहत होतो. जानरावभाऊंच्या जागी कोणाला पाहिलंच नाही.

मी एकटाच परतलो. जानरावभाऊ पायरीवर बसले होते, पाय लांब करून. मी वाटेत सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती. संस्थेची इमारत किती मजली, आवार केवढं, पाण्याचं काय, शेजार कसा. हा माणूस मला दोन तास सोडणार नाही याची खात्री होती. हबीबमियांनी गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि तेही ऐकायला बसले.

जानरावभाऊंनी एकच प्रश्न विचारला.

"मास्तर, काई दोष हाये काय?"

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. ज्या माणसाने गिऱ्हाइकाला विचारल्यावर कधी लपवलं नाही, तो आता गिऱ्हाईक होऊन मला विचारत होता.

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं," ते म्हणाले आणि दुसऱ्याच कोणाच्या वावराबद्दल बोलायला लागले. इमारत, आवार, पाणी, शेजार काही विचारलं नाही. माझी जुळवलेली उत्तरं तशीच राहिली. त्याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं.

दोन वर्षांनी भास्करला पदविका मिळाली आणि त्याच महिन्यात मुंबईत नोकरी. पत्र मीच वाचून दाखवलं. 'थोडे दिवस अनुभव घेऊन येतो' असं त्यात होतं. जानरावभाऊ लोकांना सांगत, "अनुभव घेऊन राह्यला. येईन." पहिल्या वर्षी लोक विचारत, दुसऱ्या वर्षी विचारेनासे झाले. भास्कर दिवाळीला येई, तीन दिवस राही, वडिलांना नवा दुपट्टा आणी. पदविकेचा कागद मुंबईतच त्याच्या साहेबांच्या कचेरीत टांगलेला होता. इकडे सौदे होतच होते. जानरावभाऊ ओसरीवर बसतच होते. मी शाळेतून येताना दुकानाच्या बाजूने यायचं टाळू लागलो. तेल्याच्या गल्लीतून वळसा पडे, पण तोंड चुकवता येई.

लढाई सुरू झाली त्या वर्षी माझी अकोल्याला बदली झाली. निघायच्या आधी जानरावभाऊंनी दुपारी जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, सगळं त्यांनी स्वतः केलेलं. भाकरी माझ्या बायकोच्या भाकरीहून गोल होती. ते समोर बसून वाढत होते आणि तिसऱ्या भाकरीला मी हात थांबवला.

"जानरावभाऊ, तुम्ही मला विचारलं होतंत, काही दोष आहे का. मी खोटं बोललो. भास्कर मला तिकडेच म्हणाला होता, परत यायचं नाही म्हणून."

त्यांनी भाजीची पळी पातेल्यात ठेवली.

"मले माहीत होतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायले कायले पाह्यजे? तीस वर्सं लोकायले घरं दाखवून राह्यलो. मानूस घर पाहते तवा त्याची नजर कुठी जाते, त्यावरून मले समजते. तुमी ते पत्रक वाचून राह्यले होते, अन् भास्कर तुमचं ऐकतच नोता. वरच्या पानावर मुंबईची सडक होती छापेल, तिच्याकडं पाहून राह्यला होता."

"मग मला विचारलंत कशाला?"

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "तुमी हाये म्हटलं असतं तं मले त्याले रोकावं लागलं असतं. थो थांबला असता मास्तर. पोट्टा गुनाचा हाये. थांबला असता, अन् मंग मी जलमभर त्याच्या तोंडाकडं पाहत बसलो असतो. तुमी नाई म्हटलं, बरं झालं."

"आणि तुमचा पाय?"

"पायाले काय होते? हबीबमियाचं तेल फुकट गेलं. मी मौक्यावर आलो असतो तं मले सारं दिसलं असतं. दिसल्यावर गप राहता येत नाई मले."

मला वाटत होतं, खोटं बोलून मी भास्करला सोडवलं. सोडवलं होतं या माणसाने, आणि माझं खोटंसुद्धा त्यानेच माझ्याकडून काढून घेतलं होतं. मी मात्र दोन वर्षं तेल्याच्या गल्लीतून जात राहिलो. त्या दोन वर्षांत रोज संध्याकाळी घटकाभर पायरीवर जाऊन बसलो असतो, तर निदान भास्करची पत्रं तरी पुन्हापुन्हा वाचून दाखवता आली असती. त्यांना ती वाचता येत नसत. पत्र आलं की मी एकदा वाचून घाईघाईने निघून येत असे.

"तुम्ही जाऊन का येत नाही मुंबईला?" मी विचारलं. "तो बोलावतो ना?"

"बोलावते. पन मी गेलो तं दोष काढीन. सवय हाये मले. जिना उंच हाये, पानी कमी हाये, काई तं काढीनच. त्याले बरं वाटनार नाई." त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मी नको म्हणालो नाही. मग खाली बघत, ठेच्याचं भांडं उगाच सरकवत ते म्हणाले, "मास्तर, थो अजून पह्यल्या दिवशी घेतली त्याच खोलीत राह्यते म्हनते. तुमी पाह्यली हाये ना ते खोली?"

मी ती पाहिली नव्हती. भास्कर ट्रंक घेऊन तीन जिने चढला तेव्हा मी खाली रस्त्यावर एका जुन्या पुस्तकांच्या गाड्यापाशी उभा होतो. तो खाली आला आणि आम्ही समुद्राकडे गेलो. मला वर जाऊन पाहावंसं वाटलंही नव्हतं.

"पाहिली," मी म्हणालो.

"तिच्यात सकायचं ऊन येते काय?"

"येतं. चांगलं येतं."

"मंग बरं हाये," जानरावभाऊ म्हणाले. "लहानपनी तोंडावर ऊन आल्याबिगर उठेच ना थो."